सेट : एका शब्दाची बैठक

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गेली कित्येक वर्षे छापला जातो. उत्तर ठरलेले आहे : ‘सेट’. अर्थ किती, यावर मात्र एकमत नाही. कुठे ४३० सापडतात, कुठे ४६४. मुले आकडा पाठ करतात, बक्षीस घेतात आणि पुढे जातात. हे अर्थ मोजले कोणी आणि कसे, हे विचारण्याची पद्धत त्या पुस्तकांत नाही. मला रस आहे तो त्यातच.

आकड्याचा उगम ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात आहे. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती : ४३०हून अधिक अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द. एवढ्या मजकुरात आपल्याकडे दीड-दोनशे पानांची एक कादंबरी सहज होते. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर हा मान ‘सेट’कडून गेला. पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’ हे एकच क्रियापद नऊ महिने हाताळले आणि त्याचे ६४५ अर्थ लावले. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांना ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

हे अर्थ ‘सापडत’ नाहीत, ते लावावे लागतात. जेम्स मरे यांनी १८७९ साली वाचकांना आवाहन केले : पुस्तके वाचा, शब्द टिपा, वाक्य जसेच्या तसे उतरवा, पुस्तकाचे नाव आणि साल लिहा आणि चिठ्ठी पाठवा. घराच्या आवारात उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत चिठ्ठ्यांचे लाखो तुकडे येऊन पडले. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, वाक्ये वाचायची आणि सारखी वाटणारी एका ढिगात ठेवायची. जितके ढीग तितके अर्थ. ‘तिने ताट मांडले’ आणि ‘त्याने सापळा मांडला’ या दोन वाक्यांतले मांडणे एकच की वेगळे? एक संपादक दोन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवील, दुसरा वेगळ्या. दोघेही चूक नाहीत. म्हणून ४३० हा आकडा डोंगराच्या उंचीसारखा नव्हे. एका माणसाने एका टेबलावर किती ढीग केले, एवढेच तो सांगतो.

पहिल्या आवृत्तीत ‘सेट’चे ढीग ज्याच्या देखरेखीखाली लागले तो माणूस हेन्री ब्रॅडली. कोशाच्या कामाला लागण्यापूर्वी हे गृहस्थ शेफील्ड शहरात सुऱ्या-कात्र्यांच्या एका कारखान्यात वीस वर्षे पत्रव्यवहाराचे कारकून होते. भाषा शिकले त्या स्वतःच्या स्वतः. १८८४ साली कोशाचा पहिला भाग निघाला तेव्हा त्यांनी त्यावर परीक्षण लिहिले, ते मरे यांच्या नजरेत भरले आणि कारकुनाचा संपादक झाला. मरे यांची शाळाही चौदाव्या वर्षी सुटली होती. पदवी नसताना अशा विषयांत लुडबूड करणाऱ्या माझ्यासारख्याला या दोघांचा आधार वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता शब्दाकडे. ‘सेट’ मुळात ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘सेटन’ असे होते. आणि आपल्या दृष्टीने गंमत अशी की याचे सख्खे भावंड संस्कृतात आहे. ‘सद्’ हा धातू, अर्थ बसणे. त्याचे प्रयोजक ‘सादयति’, म्हणजे बसवतो. सेट आणि सादयति हे नुसते दूरचे नातेवाईक नाहीत. एकाच मूळ रूपाचे दोन वंशज आहेत. याच सद् पासून सदन, परिषद, संसद आणि उपनिषद आले. प्रसन्न हाही त्यातलाच : गाळ खाली बसून निवळलेले पाणी ते प्रसन्न, माणसाचे मन नंतर.

एकदा ‘बसवणे’ हाताशी धरले की गर्दीतले बरेच अर्थ ओळीने उभे राहतात. अंगठीत खडा सेट करतात, म्हणजे कोंदणात बसवतात. मोडलेले हाड सेट करतात; आपणही हाड बसवतोच. वस्तू जागी बसवली की ती हलत नाही, म्हणून सेट म्हणजे पक्के करणे : तारीख, किंमत, नियम, प्रश्नपत्रिका. हलत नाही म्हणून सेट म्हणजे घट्ट होणे : जेली, सिमेंट. साध्या पोर्टलंड सिमेंटला आपल्या मानकाप्रमाणे ३० मिनिटांच्या आत घट्ट व्हायला सुरुवात होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत ते पुरते घट्ट झाले पाहिजे. बांधकामावरचा गवंडी या दोन वेळांना ‘सेटिंग टाइम’च म्हणतो. माणूस हलेनासा झाला की त्याच्या मतांनाही सेट म्हणतात. पहिल्या आणि शेवटच्या अर्थाची एकमेकांशी ओळखही नसते, पण मधला प्रत्येक अर्थ शेजाऱ्याला ओळखतो.

सूर्याचे काय? तो ‘सेट’ होतो म्हणजे कुठे बसतो? जुन्या इंग्रजीत मावळण्याला ‘सेट्लगांग’ म्हणत, शब्दशः ‘आसनाकडे जाणे’. दिवसभर चाललेला सूर्य संध्याकाळी टेकतो. आपला ‘अस्त’ याहून घरगुती आहे. वेदांच्या भाषेत अस्त म्हणजे घर. ‘अस्तं गच्छति’ म्हणजे घरी जातो.

शब्दाच्या रूपानेही मदत केली. आज सेट, काल सेट, केलेले तेही सेट; काळ बदलला तरी रूप बदलत नाही. वर मागेपुढे छोटी अव्यये चिकटतात : सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट आउट. कोशातले पुष्कळ ढीग या जोडगोळ्यांचेच आहेत.

पण चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट यांत बसवण्याचा काय संबंध? मुळात काहीच नाही. हा दुसराच शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे. त्यावरून ‘सेक्ता’, म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. तो जुन्या फ्रेंचमधून ‘सेट’ होऊन इंग्रजीत आला आणि तिथल्या घरच्या सेटमध्ये मिसळला. पुढे दोघांनी एकमेकांचे अर्थ इतके उसने घेतले की शिवण दिसेनाशी झाली. शाळेच्या गणितातला ‘संच’ हा या पंथवाल्या सेटचा अनुवाद आहे. या लॅटिन धातूचाही संस्कृत सोयरा आहे : ‘सच्’, सोबत असणे, ज्यावरून सचिव झाला. थोडक्यात, क्रियापद सेट संसदेच्या घराण्यातले आणि नाम सेट सचिवाच्या.

इथे कोणी म्हणेल, सगळे संस्कृतातून गेले. तसे नाही. दोन्ही भाषांची आई त्याहून जुनी आहे. आणि मराठी ‘बसणे’ सद् पासून आलेलेच नाही. ते ‘उपविश्’ पासून, ‘बैसणे’ होऊन आले. तरीही गणपती बसवतो, घट बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो, धाक बसवतो. जिथे बसवणे थांबते तिथे ‘लावणे’ पुढे होते : घड्याळ लावणे, सापळा लावणे, चाल लावणे, आग लावणे, दही लावणे. इंग्रज या सगळ्याला सेटच म्हणतो. वंश वेगळा असून अर्थांच्या फांद्या त्याच जागी फुटतात, कारण माणसे सगळीकडे तीच कामे करतात आणि जो शब्द हाताशी असतो तोच वापरतात. कॅप्टन मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘लागणें’ ही नोंद पाहावी. ऑक्सफर्डच्या कामाच्या कितीतरी आधी एक इंग्रज आमच्या एका क्रियापदापुढे हात टेकायच्या बेतात आला होता.

‘रन’ पुढे का गेला, याचे कारणही कामातच आहे. आधी माणूस धावे, पाणी धावे. मग यंत्रे आली : गिरणी, आगगाडी, बस, पुढे संगणक. जे जे चालते ते इंग्रजीत ‘रन’ होते. आपल्याकडे ते ओझे ‘चालणे’ वाहते : दुकान चालते, खटला चालतो, नाणे चालते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. शेजारच्या तालुक्यातले एक शेतकरी दोन वर्षांपूर्वी कागद घेऊन माझ्याकडे आले. मी काही वकील नाही. इंग्रजी वाचून दाखवतो म्हणून लोक येतात. जमिनीच्या वादात खालच्या न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने होता, तो अपिलात ‘सेट असाइड’ झाला होता. ज्याने पैसे घेऊन मराठी करून दिले त्याने लिहिले होते : ‘आदेश बाजूला ठेवण्यात आला आहे.’ यांनी समजून घेतले की निकाल सुरक्षित आहे, थोडा बाजूला आहे, वेळ आली की काढतील. न्यायालयाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘रद्द केला’. उच्च न्यायालयात दुसरे अपील करायला ९० दिवस मिळतात. ते केव्हाच उलटून गेले होते. मग विलंबमाफीचा अर्ज, वकिलाची फी, हेलपाटे.

भाषांतर करणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. त्याने कोशातला अर्थ बरोबर लिहिला, फक्त ढीग चुकला. मुलीच्या लग्नासाठी पैसे सेट असाइड केले म्हणजे राखून ठेवले. निकाल सेट असाइड केला म्हणजे मोडीत काढला. तेच दोन शब्द, एकदा जपणे, एकदा पुसणे. दोन्हींत बाजूला करणे आहे. कशासाठी, ते शेजारचा शब्द सांगतो. आमच्या शाळांत मात्र अजून वहीची दोन रकाने पाडतात, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी. ‘सेट’पुढे मी ‘संच’ लिहिलेले पाहिले आहे आणि ‘मावळणे’ही. एका शब्दासमोर एकच शब्द लिहिण्यापेक्षा चार वाक्ये लिहून घेतली तर निम्मे काम होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरम्यान मराठीने हा शब्द आपल्या घरात घेऊन त्याला नवी कामे लावली आहेत. छापखान्यात खिळे जुळवायच्या दिवसांत आम्ही ‘मॅटर सेट झाला का’ असे विचारत असू. तो अर्थ इंग्रजीतलाच. पण ‘पोरगा पुण्यात सेट झाला’ यात त्याने ‘सेटल’चीही जागा घेतली आहे. आणि ‘सेटिंग लावणे’, म्हणजे आतून संधान बांधणे, हे तर पुरते देशी आहे. सेट आणि लावणे, दोन्ही एकाच अर्थाचे, एकमेकांना खेटून बसले आहेत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृतच्या कोशाचे काम चालू आहे. तिथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. ते पाहून मी घरी ‘बसणे’च्या चिठ्ठ्या लिहायला लागलो. बुटाच्या तीन खोक्यांत मावतात. घसा बसला, भिंत बसली, सदरा बसला, ‘हे मला चारशेला बसलं’. दोन चिठ्ठ्यांनी सध्या घोळ घातला आहे. एकीवर आहे, ‘त्यांचा जम बसला’. दुसरीवर, ‘त्यांचा धंदा बसला’. पहिल्यात माणूस उभा राहिला, दुसऱ्यात आडवा झाला. दोन्हींना एकच खोके द्यावे की वेगळे, ते अजून ठरत नाही.