घाम, वारा आणि पॅडल

सायकलस्वाराचं शरीर ही मुळात एक भट्टी. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण 20 ते 25 टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे निघताना थोडी थंडी वाजली, तरच कपडे बेताचे आहेत असं समजावं. दहा मिनिटांत अंग तापतंच. बोटं आणि कान मात्र वाऱ्यानं गारठतात; तिथे जाड स्वेटरपेक्षा हातमोजे आणि कानटोपी मोलाची.

उन्हाळ्यात सगळं गणित घामाचं. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते, पण वाफ झाली तरच! नागपूरच्या कोरड्या हवेत घाम झटकन सुकतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं हे कळतही नाही. मुंबईच्या दमट हवेत तोच घाम नुसता ओघळतो आणि कमी तापमानातही जीव नकोसा होतो. उन्हाला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मार्चमध्ये वेग मंदावला म्हणून हिरमुसून सायकल कोपऱ्यात लावणाऱ्यांनी एवढी सवड स्वतःला द्यायलाच हवी.

पावसात रिमवरचे ब्रेक उशिरा लागतात. ते आधीच हलके दाबले की रिमवरचं पाणी निपटून निघतं. घरी आल्यावर चेन पुसून तेल द्यावं.