कॅरॅमल, मृदू
साखर, ग्लुकोज पाक, साय व लोणी एकत्र आटवून केलेली मऊ, चिवट मिठाई. करपवलेली साखर हा हिचा आधार, हा समज बरोबर नाही. नुसती साखर सु. १६०° से.च्या पुढे तपकिरी होऊ लागते. ही मिठाई मात्र ११८°–१२०° से.लाच उतरवितात. तिचा रंग व खमंगपणा मुख्यत्वे दुधातील प्रथिने व क्षपणकारक शर्करा यांच्यातील, माइयार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विक्रियेमुळे येतो. आटविलेल्या बासुंदीचा तांबूसपणाही तिचाच परिणाम होय.

घरी जाड बुडाच्या, खोल पातेल्यात मंद आचेवर मिश्रण सतत ढवळतात. तापमापक नसल्यास थंड पाण्यात थेंब टाकून पाहतात. घट्ट पण दाबली जाणारी गोळी झाली पाहिजे. पाच-सहा अंश अधिक झाल्यास मिठाई कडक होते, कमी राहिल्यास ओघळते. ग्लुकोज पाकामुळे साखरेचे स्फटिक बनत नाहीत. त्याऐवजी लिंबाचा रस घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो. तापलेले मिश्रण त्वचेला चिकटून राहत असल्याने उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजते. मुलांना दूर ठेवणे अगत्याचे. वड्या हवेतील ओलावा शोषतात, म्हणून त्या लगेच मेणकागदात गुंडाळतात.