खेळणी घडवणारा गुरू

कॅनव्हास रंगवतो तो चित्रकार, मडकी घडवतो तो कुंभार आणि माग चालवतो तो विणकर, अशी खाती पाडून आपण मोकळे होतो. या खात्यांमधल्या भिंती ज्यांनी आयुष्यभर मानल्या नाहीत, ते के. जी. सुब्रमण्यन. शांतिनिकेतन आणि बडोद्याचे विद्यार्थी त्यांना प्रेमाने 'मणिदा' म्हणत.

१९२४ साली उत्तर केरळात जन्मलेले सुब्रमण्यन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. 'चले जाव' चळवळीत उडी घेतली आणि तुरुंगवास घडला. सुटून आले तेव्हा सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली होती. एखादा खचला असता. १९४४ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनचे कलाभवन गाठले.

तेथे गुरू लाभले ते तीन तऱ्हांचे. नंदलाल बोस यांना अल्पना आणि घरगुती कारागिरीही चित्राइतकीच मोलाची वाटे. रामकिंकर बैज सिमेंट आणि खडीतून शिल्पे उभारीत. दृष्टी अधू असलेले विनोदबिहारी मुखर्जी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगवत होते. त्या कामाला हातभार लावताना सुब्रमण्यन यांना जे मिळाले, ते कोणत्या वर्गात मिळणार?

१९५१ पासून ते बडोद्याच्या कला विद्याशाखेत शिकवू लागले. १९५५-५६ मध्ये लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकून आले. पुढे १९५९ ते ६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात काम केले. नामवंत चित्रकाराने विणकरांच्या नक्षीकामात लक्ष घालणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. बडोद्याला परतल्यावर विद्याशाखेच्या जत्रेसाठी त्यांनी लाकूड, मणी, चामडे यांची गमतीदार खेळणी बनवली, मुलांसाठी चित्रकथाही रचल्या. जत्रेत विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून अध्यापकही राबत. लखनौच्या रवींद्रालयावर १९६३ मध्ये त्यांनी भाजक्या मातीच्या फरशांचे भव्य भित्तिशिल्प साकारले. विषय होता टागोरांचे 'राजा' हे नाटक, आणि साहित्य कुंभाराचे!

१९८० मध्ये ते प्राध्यापक म्हणून कलाभवनात परतले. तेथल्या एका इमारतीच्या भिंतींवर १९९० च्या सुमारास त्यांनी काळ्यापांढऱ्या रंगांत चित्रे काढली. ऊनपावसाने ती झिजली, तेव्हा २००९ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना, त्यांनी त्या भिंती नव्याने रंगवल्या. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१६ च्या जूनमध्ये बडोद्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या घरातले मूल चिंध्या, काड्यापेट्या, नारळाच्या करवंट्या जमवून काहीबाही करत बसते, तेव्हा 'पसारा आवर आणि अभ्यासाला बस' हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. त्या पसाऱ्याला 'अभ्यास' म्हणणारा एक मोठा शिक्षक आपल्या देशात होऊन गेला. पसारा आवरायला सांगावाच लागेल. पण त्याआधी क्षणभर मुलाजवळ बसून 'काय केलेस रे?' एवढे तरी विचारू या.