सातबारा आणि मालकी

‘सातबाऱ्यावर नाव चढले की जमीन आपली झाली’, हे वाक्य गावच्या चावडीपासून शहरातील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यापर्यंत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्यापायी किती भावंडे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत आहेत, हा विचार बोलणाऱ्याच्या मनास शिवतही नाही.

गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही; जमिनीचा कब्जेदार कोण, सारा कोणाकडून घ्यावयाचा, पीक कोणते, हे सरकारास कळावे म्हणून महसूल खात्याने ठेवलेले हे दप्तर आहे. मालकी उत्पन्न होते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटप किंवा वारसा यांतून; फेरफार ही त्या घटनेची मागाहून घेतलेली नोंद होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ अन्वये प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुराव्याने जे खोडता येते त्याला मालकी कशी म्हणावी? फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर या १९९६ च्या निकालात स्पष्ट केले, आणि २०२१ मध्ये जितेंद्र सिंह यांच्या प्रकरणात पुन्हा बजावले.

तरीही पित्याच्या पश्चात वारसनोंदीतून बहिणींना वगळून ‘उताऱ्यावर तुझे नाव कोठे आहे?’ असे त्यांनाच विचारण्याचा निर्लज्जपणा अद्याप थांबलेला नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ आणि त्यातील २००५ ची दुरुस्ती यांनी कन्येस दिलेला हिस्सा तलाठ्याच्या दप्तरातून नाव गळाल्याने बुडत नाही.

सारा भरल्याच्या पावतीनेही मालकी मिळत नाही. फेरफार तलाठी लिहितो, तो प्रमाणित करण्याचा अधिकार त्याचा नव्हे. आणि नोटरीसमोर केलेला करार म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते.

म्हणून जमीन घेणाऱ्याने उताऱ्यावर न विसंबता जुने फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील मूळ दस्त तपासावेत. आणि जिचे नाव वगळले गेले, त्या बहिणीने हक्क गेला असे न समजता, विलंब न लावता दाद मागावी.