मीठ चवीनुसार, पण कुणाच्या?

कानात इअरफोन आणि हातात झारा असलेल्यांना आज खास नमस्कार.

मी दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे रेसिपीसुद्धा मला कोडसारखीच वाटायची. एक ओळ बदलली की सगळं कोसळणार! आईच्या वहीतली चिंच-गुळाची आमटी मी वर्षानुवर्षं तश्शीच करायचो.

मग बाबांना बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं.

मी दुसऱ्याच दिवशी आमटीतलं मीठ थेट निम्मं केलं. बाबा काही बोलले नाहीत. दोन घास खाल्ले आणि लोणच्याची बरणी पुढे ओढली. वर दोन पापड. म्हणजे पातेल्यातून काढलेलं मीठ ताटात परत!

तेव्हा लक्षात आलं की रेसिपी बदलायची तर आधी प्रत्येक जिन्नसाला विचारायचं, 'बाबा रे, तुझं इथे काम काय?'

मीठच बघा. आमटीत ते फक्त चवीला असतं. कमी केलं तर आमटी बिघडत नाही. पण लोणच्यात मीठ फोडी टिकवतं. तिथे हात आखडला तर बुरशी येणार. म्हणून लोणच्यातलं मीठ नाही, ताटातलं लोणचं कमी करायचं.

चिंचेचंही तसंच. चिंचेऐवजी आमसूल घाला, टोमॅटो घाला, काही अडत नाही. पण आंबट कच्च्या डाळीबरोबर कुकरमध्ये टाकलं तर डाळ नीट शिजत नाही. थोडक्यात, आंबट कुठलं ते तुमच्या मर्जीवर, पण ते घालायचं डाळ मऊ झाल्यावरच.

मग आम्ही काय केलं? मीठ दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं. काही आठवड्यांत जीभ सरावते. आंबटपणा जरा वाढवला, म्हणजे मिठाची उणीव कमी जाणवते. आणि हिंग, लसूण, कढीपत्त्याची फोडणी शेवटी वरून दिली. तो वास आला की अर्धं काम तिथेच होतं. एक सावधगिरी: 'लो सोडियम' मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

खरं म्हणजे मोकळीक आपल्या रेसिपीत आधीपासूनच आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, तेही वाटी-चमच्याच्या मापाने. आता वाटी काय सगळ्यांच्या घरी सारखीच असते? आणि 'मीठ चवीनुसार' म्हणजे तरी काय? जेवणाऱ्याच्या चवीनुसार, आणि त्याच्या तब्येतीनुसारही.

परवा बाबांनी आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली. बरणी फडताळातच राहिली. रात्री आईने वही काढली. जुनं माप तिने खोडलं नाही, बाजूला पेनाने लिहिलं: 'यांच्यासाठी पाऊण चमचा. आमसुलं तीन.'

तुमच्या घरच्या वहीत अशी कुठली ओळ वाढलीय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!