‘झोपू दे त्याला’ म्हणण्यापूर्वी

कॉलेजच्या वसतिगृहात किंवा मुलांच्या भाड्याच्या खोलीवर मध्यरात्रीनंतर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे. ‘झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट मित्राची अब्रू झाकावी, हाच हेतू असतो. रेक्टरला कळू नये, घरी कळू नये, पोलिसांचं लचांड मागे लागू नये. पण दारूच्या बाबतीत याइतकं धोक्याचं वाक्य दुसरं नसेल. ते का, एवढंच आज सांगायचं आहे. त्यासाठी शरीराचा हिशेब मांडावा लागेल आणि कायद्याचाही, कारण त्या खोलीत हे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असतात.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. मराठीत गझल लिहिणारा एक साधा पदवीधर आहे. कवितावाचन संपलं की मुलं विचारतात, ‘सर, तुमच्या शेरांत एवढी मदिरा, आणि तुम्ही कधीच घेत नाही?’ आमच्या घरात दारू निषिद्ध आहे, हे एक उत्तर झालं. पण ते उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून मी दुसरं देतो. शेरातली मदिरा विरहाची असते, भक्तीची असते, कधी बंडाचीही असते. ती यकृतातून जात नाही. बाटलीतली जाते.

आणि यकृताचं गणित फार रोकडं आहे. व्हिस्की किंवा रमच्या 30 मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत ते तासाभरात साधारण तेवढंच निकाली काढू शकतं. घाई करा म्हटलं तरी ते घाई करत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा झाल्यासारखा वाटेल, पण रक्तातलं अल्कोहोल त्यामुळे कमी होत नाही.

‘आम्ही फक्त बिअर घेतो’ असं सांगणाऱ्यांसाठीही एक हिशेब आहे. 650 मिलिलिटरची, 8 टक्के अल्कोहोल असलेली स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल. म्हणजेच चार छोटे पेग. बाटली अर्ध्या तासात संपते, यकृताला मात्र चार तास लागतात. त्यातच कुणी एनर्जी ड्रिंक मिसळतो. त्यातल्या कॅफिनमुळे नशा चढल्याची जाणीव दबते, नशा दबत नाही. मग हात आणखी एका ग्लासाकडे जातो.

आता त्या झोपलेल्या मुलाकडे येऊ. पिणं थांबलं म्हणून रक्तातलं अल्कोहोल वाढायचं लगेच थांबत नाही. पोटात आणि आतड्यात जे शिल्लक आहे, ते रक्तात उतरतच राहतं. म्हणजे बारा वाजता आडवा झालेला मुलगा साडेबाराला जास्त नशेत असू शकतो. दारू आधी विवेक बोथट करते, मग तोल घालवते, मग आठवण पुसते. मात्रा वाढत गेली की श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्रही मंदावतं. घशात काही गेलं तर ठसका लागतो, ही निसर्गाची राखण. तीही झोपी जाते. उताणं पडलेल्या मुलाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि जवळच्या कॉटवर झोपलेल्या मित्राला पत्ताही लागत नाही.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवाव्यात. हाका मारून, चिमटा काढूनही जाग येत नाही. श्वास मिनिटाला आठाहून कमी आहे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतं आहे. अंग गार आणि चिकट लागतं, ओठ-नखं निळसर दिसतात. शुद्ध नसताना उलट्या होत आहेत किंवा झटका आला आहे. यातली एक खूणसुद्धा पुरे आहे. सगळ्या खुणा जमेपर्यंत थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. मुद्दाम उलटी काढायची नाही, तोंडात पाणी किंवा कॉफी घालायची नाही. डॉक्टरांना खरं सांगायचं: काय घेतलं, किती घेतलं, सोबत झोपेच्या गोळ्या वगैरे काही होतं का.

स्वस्तात मिळालेल्या बेकायदा दारूची गोष्ट याहून भयंकर. मुंबईत मालाडच्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. अशा दारूत मिथेनॉल असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. त्याची लक्षणं बऱ्याचदा कित्येक तासांनी दिसू लागतात. सकाळी उठल्यावर धूसर दिसतं, पोटात दुखतं, धाप लागते. अशा वेळी ‘हँगओव्हर आहे’ म्हणून पुन्हा झोपवलं, तर उपचारांची वेळ निघून जाते.

ज्याची रात्र सुखरूप पार पडते, त्याचंही काही हरवतं. मेंदूचा पुढचा भाग, जो सारासार विचार करतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. ‘काल काय झालं आठवतच नाही’ हे मुलं हसत हसत सांगतात. त्याचा अर्थ त्या काही तासांत मेंदूने आठवण नोंदवलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयांना 1988 सालीच कर्करोगकारक ठरवलं. ‘आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित अशी मात्राच नाही’ असं या संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

आता कायदा. अठराव्या वर्षी मत देता येतं, वाहन चालवण्याचा परवाना मिळतो, म्हणून दारूही चालते, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्रात तसं नाही. इथे 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, देशी-विदेशी मद्यासाठी 25, आणि वर परवानाही लागतो. म्हणजे पदवीच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलांसाठी कोणताच ग्लास कायदेशीर नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर सर्वांनाच बंदी आहे. गोव्यात वयाची अट 18 ची आहे. तिथे सहलीला गेलेली मुलं परतताना बॅगेत बाटल्या घालतात. सरहद्द ओलांडली की इथला कायदा लागतो, आणि परवान्याविना दारू आणणं हा गुन्हा ठरतो.

गाडीची किल्ली हातात घेतली की प्रकरण आणखी गंभीर होतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मघाची ती स्ट्राँग बिअरची बाटली रिकाम्या पोटी संपवली, तर साठ-पासष्ट किलोचा मुलगा ही मर्यादा सहज ओलांडतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो. बालकाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याने मद्य घेतल्याचा आरोप आहे. पुढे त्याच्या वडिलांना आणि बारशी संबंधित लोकांनाही अटक झाली. एका रात्रीचा फेरा किती घरांवरून फिरतो, ते तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

‘नशेत होतो, कळलं नाही’ ही सबब कोर्टात चालत नाही. स्वतःहून दारू पिणाऱ्याला, शुद्धीवरच्या माणसाइतकंच ज्ञान होतं, असं कायदा धरून चालतो. आणि गुन्हा दाखल झाला की तो कागद मागे राहतो. सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना भरताना ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न समोर येतो, पासपोर्टच्या वेळी पोलीस पडताळणी होते.

आणखी एक गोष्ट सीनिअर मुलांनी ऐकावी. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकरच्या हाती पेला देणारा तळीराम परका नव्हता, रोजच्या उठण्याबसण्यातला होता. पहिला ग्लास बहुधा असाच ओळखीच्या हातून येतो. पण नव्या मुलाला धाकदपटशा करून पाजणं ही गंमत नाही, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यानुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून हकालपट्टी आणि पुढची पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही, अशी शिक्षा आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, ‘मग तर 108 ला फोन करायलाच नको!’ नेमकी इथेच गफलत होते. रुग्णवाहिका बोलावणं कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच डॉक्टरांना बजावलं आहे. फोन केल्याने फार तर चौकशी होईल, दंड होईल, घरी बोलणी बसतील. फोन न केल्याने जे होतं, त्यावर अपील नाही. मित्राची अब्रू सांभाळायची तर आधी मित्र राहिला पाहिजे.

आणि ज्याला रोज संध्याकाळी हात थरथरत असल्याचं जाणवतं, त्याच्यासाठी दारं उघडी आहेत. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. नशामुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आधारासाठी 14416 हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. मुलांना धाक जरूर असावा, पण तो इतका नको की संकटात त्यांना पहिली आठवण तुमच्या रागाची यावी. आज जेवताना त्यांना एवढं सांगून ठेवा: ‘रात्रीचे कितीही वाजोत, तुझ्यासाठी असो वा तुझ्या मित्रासाठी, आधी दवाखाना गाठ आणि मग मला फोन कर. काय बोलायचं ते नंतर बोलू.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)