मरहूम शौहरांची छुरी

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले की घरात आवराआवर सुरू होते. कपडे गरजूंना जातात. हात अडतो तो आवडत्या वस्तूपाशी. आमच्या ओळखीच्या एका आपांकडे मरहूम शौहरांची छुरी आहे. लोहाराने गाडीच्या जुन्या पाट्यातून ठोकून काढलेली, शिंगाच्या मुठीची. दर बकरी ईदला ते स्वतः तिला धार लावत. आता दीर म्हणतात, "भाभी, भाईंची निशाणी मला द्या."

द्यावी का? आधी ती कुणाची, हे पाहावे. छुरीही तरक्यातच आली. कर्ज आणि वसीयत भागल्यावर औलाद असेल तर बेवाचा हिस्सा आठवा, नसेल तर चौथा (सूरह निसा, आयत 12). मुलगा हयात असताना भावाला वारसा नाही. शिवाय आपांचा धाकटा सहावीत आहे. नाबालिगाचा हिस्सा कुणी बक्षीस देऊ शकत नाही, आईसुद्धा नाही. दिरांना हवीच असेल तर रास्त किंमत मोजावी. "एवढ्याशा छुरीचा कसला हिशेब?" हे आम्ही पुष्कळदा ऐकतो. बहुधा म्हणणाऱ्यालाच ती हवी असते!

तोवर ती चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, पाते गंजते. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळावी. पात्यावरचा काळसर रंग घासून काढू नये.

जबह करताना पाते धारदार असावे, जनावराला त्रास होऊ नये, अशी ताकीद सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. म्हणून छुरी वापरणाऱ्याच्या हाती जावी, एवढीच आपांची इच्छा. थोरल्या मुलीने ती आपल्या हिश्श्यात मागितली आहे. दीर अजून रुसलेले आहेत.